जानकीच्या वाट्याची लावणी

आमच्या घरात दोन सुना होत्या. एक कामाची, आणि एक मी. हे मी विनयाने सांगत नाही. आमच्या सासूबाई, हौसाबाई, येणाऱ्याजाणाऱ्याला असंच सांगत. पाहुण्याने अंगणात पाय ठेवला की पाण्याच्या तांब्याआधी ओळख पुढे यायची: ही जानकी, आणि ती थोरली. थोरलीला यशोदा असं नाव आहे, हे पाहुण्याला निघेपर्यंत कळलं तर कळायचं.

वालावलच्या पलीकडे खाडीकाठी आमचं घर. भाताची शेती, पंधरा-वीस माड, मागच्या उतारावर काजू. माझा नवरा बाबली शेती बघायचा आणि महिन्यातून चार वाक्यं बोलायचा. धाकटा दीर गुरुदास मुंबईला छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. त्याची बायको जानकी चौपन्न साली घरात आली. पहिली दोन वर्षं ती अगदी माझ्यासारखी होती. दमायची, दुपारी भिंतीला टेकून डुलकी काढायची, पावसात कुडकुडायची. आम्ही दोघी मिळून सासूबाईंची बोलणी खायचो, त्यामुळे ती निम्मी निम्मी वाटली जायची. मग छप्पन्नच्या दसऱ्यानंतर कधीतरी जानकीला वेग आला.

ती पहाटे माझ्याआधी उठू लागली. मी डोळे चोळत ओटीवर येईपर्यंत तिचं पाणी भरून झालेलं, गोठा झाडून झालेला, भात कांडायला मुसळ हातात. दुपारी सगळं घर निजलं की ही कोकमाची सोलं वाळवायची, ती संपली की काजू फोडायची, तेही संपले तर झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. मार्गशीर्षात आम्ही गोधडीत पाय आखडून बसलेल्या असताना ही थंड पाण्याने न्हायची आणि वर पदराने वारा घ्यायची. जेवायची चौघांचं, आणि अंगावर मूठभर मांस नाही. सासूबाई म्हणत, खाल्लेलं सगळं कामात घालवते, अंगावर चोरून ठेवत नाही. हे म्हणताना त्यांची नजर माझ्या दंडावर असायची.

तिचे डोळे मोठे झाले, पाणीदार, सताड उघडे. गावच्या बायका म्हणाल्या, देवीसारखे दिसतात. गळा भरला, तशी थुशी घट्ट होऊ लागली. सासूबाईंनी ती सोनाराकडून वाढवून आणली आणि आमच्या घरचं अन्न अंगी लागलं असं चारचौघींत सांगितलं. बाकीचं अंग काटकुळं होत चाललेलं असताना अन्न नेमकं गळ्यालाच कसं लागलं, हा प्रश्न कोणाला पडला नाही. मलाही नाही. मला फक्त एवढंच दिसत होतं की माझ्या नवऱ्याच्या घरात मी हळूहळू फुकट खाणारी ठरत चालले आहे.

पंचक्रोशीत जानकीचं नाव झालं. तिच्या धाकट्या बहिणीला न बघता दोन स्थळं सांगून आली. आमच्या शेजारच्या सावित्रीने आपल्या सुनेला मुद्दाम आमच्याकडे पाठवलं, जानकीचं काम बघून ये म्हणून. ती बिचारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघत बसली आणि घरी गेल्यावर दोन दिवस झोपली.

अठ्ठावन्नच्या वैशाखात गुरुदास पंधरा दिवसांच्या रजेवर आला. दिवसभर बारीक खिळे न्याहाळून त्याचे डोळे बारकावे टिपायला सरावलेले. दुसऱ्या दिवशी जानकी त्याला पेज वाढत होती, तेव्हा वाडग्याची कड ताटावर टिकटिक वाजायला लागली. वर्षभर तो आवाज आम्ही रोज ऐकत होतो आणि तिच्या लगबगीचा समजत होतो. गुरुदासने वाडगा खाली ठेवायला लावला, तिचं मनगट धरलं, आणि बराच वेळ सोडलंच नाही. सासूसमोर नवऱ्याने असा हात धरलेला पाहून मी मान वळवली. सासूबाईंनी खाकरून पाहिलं. तो म्हणाला, उद्या हिला मालवणला डॉक्टरकडे न्यायची.

सासूबाईंना हसूच आलं. चार माणसांचं काम एकटी ओढते ती आजारी, आणि दुपारी घोरते ती धडधाकट, हा कुठला न्याय, असं त्यांचं म्हणणं. न्यायचीच असेल तर थोरलीला ने. शेवटी गुरुदासने दोघींना नेलं, पण माझ्या तब्येतीसाठी नव्हे. जोडप्याने एकट्याने बाजाराच्या गावाला जाणं तेव्हा बरं दिसत नसे, म्हणून मी सोबतीला. होडीने खाडी उतरून पुढे बैलगाडीने आम्ही मालवण गाठलं.

प्रभुखानोलकर डॉक्टर वयस्क, जाड भिंगाचा चष्मा लावणारे. त्यांनी जानकीला स्टुलावर बसवलं, मागे उभं राहून दोन्ही हातांच्या बोटांनी गळा चाचपला आणि घोटभर पाणी गिळायला सांगितलं. मग दोन्ही हात पुढे पसरायला लावून त्यांवर एक कोरा कागद ठेवला. दारंखिडक्या बंद, पंखा नाही, तरी तो कागद पिंपळपानासारखा थरथरत होता. नाडी मोजली, एकशे अठ्ठावीस. उकडतं का, भूक किती, झोप किती, असं विचारत गेले. प्रत्येक प्रश्नाला जानकी अभिमानाने उत्तर देत होती. झोप तीन तास पुरते, म्हणाली. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"हा हिचा गुण नव्हे, बाळ," ते गुरुदासला म्हणाले. "हा आजार आहे."

त्या क्षणी मला जे वाटलं ते खरं सांगते. आनंद झाला. दीड वर्ष जी मला गुणांनी हरवत होती, ती आजाराने हरवत होती. मी आळशी नव्हते, मी निरोगी होते. हे कोणीतरी कागदावर लिहून सासूबाईंना द्यावं असं मला फार वाटलं.

डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीमागे पेन्सिलीने एक गळा काढला आणि त्यात पंख पसरून बसलेल्या फुलपाखराचा आकार. ही थायरॉइड ग्रंथी, म्हणाले. प्रत्येकाच्या गळ्यात असते, वजनाने जेमतेम दोन तोळे. आपण मासे-मीठ खातो त्यात आयोडीन नावाचं द्रव्य असतं. ते ही ग्रंथी रक्तातून वेचून घेते, त्याचा रस बनवते, साठवते, आणि लागेल तसा रक्तात सोडते. तो रस अंगभर फिरून सांगतो की कोणी किती वेगाने चालायचं. काळजाने किती ठोके घ्यायचे, आतड्यांनी किती घाई करायची, खाल्लेलं किती जाळून ऊब करायची. रस कमी पडला तर माणूस सुस्तावतो, त्याला थंडी वाजते, अंग सुजतं, आवाज घोगरा होतो. जास्त झाला तर काय होतं, ते त्यांनी सांगायची गरज नव्हती. ते स्टुलावर बसलं होतं आणि पाय हलवत होतं.

पुढचं मला जास्त आवडलं. या ग्रंथीवर एक मुकादम असतो, म्हणाले, मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढा. रक्तात रस कमी झालेला दिसला की तो हाक मारतो, काम वाढवा. पुरेसा झाला की तो गप्प बसतो, आणि त्याचं हे वेळेवर गप्प बसणं फार महत्त्वाचं. ऐकताना मला सासूबाई आठवल्या, पण पुरेसं झालं म्हणून गप्प बसलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, म्हणून तो विचार सोडून दिला. जानकीचा मुकादम कधीचा गप्प बसला आहे, डॉक्टर म्हणाले, पण ग्रंथी त्याचं ऐकेनाशी झाली आहे. आपल्याच मनाने रस ओतत सुटली आहे. असं का होतं, ते अजून मोठमोठ्या डॉक्टरांनाही नीट उमगलेलं नाही, हेही त्यांनी मोकळेपणी सांगितलं.

मग ते गुरुदासकडे वळले आणि त्यांचा आवाज बदलला. हे अंग स्वतःलाच जाळून धावतं आहे. आणखी एक पावसाळा असं चाललं तर काळीज मधेच थांबेल. दिवसातून तीन वेळा गोळी, एकही चुकवायची नाही, दीड वर्ष. घसा दुखून ताप आला तर धावत या. आणि यंदा हिला लावणीला चिखलात उतरवायचं नाही. गुरुदासने मान डोलावली. दहा-बारा दिवसांनी त्याची रजा संपली आणि तो मुंबईला गेला. गोळ्या, जानकी आणि सासूबाई मागे राहिल्या.

सासूबाईंनी सगळं माझ्याकडून नीट ऐकून घेतलं. त्या काही बिनडोक बाई नव्हत्या. एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारून घेतली, दोन रात्री विचार केला, आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा निष्कर्ष तयार होता. रस जास्त झाला की माणूस जानकी होतं. रस कमी पडला की माणूस सुस्त होतं. सुस्त माणूस घरात कोण आहे, हे डॉक्टरला ठाऊक नसलं तरी त्यांना ठाऊक होतं. आणि रस कशाचा होतो, तर माशांचा.

त्या दिवसापासून माझ्या ताटात मधली तुकडी पडू लागली. सून म्हणून घरात आल्यापासून मी शेपटी आणि डोकं यांपलीकडचा मासा पाहिला नव्हता. पुरुषांचं होऊन उरेल ते सासूबाईंचं, त्यातून उरेल ते आमचं. आता सुरमईची जाड चकती आधी माझ्यासाठी बाजूला काढली जाई, आणि मी ती संपवीपर्यंत सासूबाई समोर बसून माझ्या गळ्याकडे बघत. बाबलीला शेपटी मिळाली तेव्हा त्याने एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मग काटे काढायला लागला. मी दोनदा सांगून पाहिलं, आये, डॉक्टरांनी असं म्हटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, डॉक्टर काय सगळं फोडून सांगतो? तिसऱ्यांदा मी सांगितलं नाही, कारण सुरमई चांगली होती.

इकडे गोळ्या लागू पडल्या. ज्येष्ठ लागता लागता जानकी एके दुपारी भिंतीला टेकली आणि झोपली. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर गळलेले. मी तिच्यावरून माशा वारत बसले. इतक्या दिवसांनी तिला निजलेली पाहून मला भरून आलं. सासूबाई मागच्या दाराने आल्या, बघून थबकल्या, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, घात झाला.

पंधरा दिवसांत घर मंदावलं. कांडण दोन दिवसांआड होऊ लागलं, गोठा उशिरा, अंगण एकदाच. जे जानकी करत होती त्यातलं निम्मं माझ्याकडे आलं आणि निम्मं तसंच पडून राहिलं. मिरगाचा पाऊस पडून भाताच्या रोपांचा तरवा वीतभर वर आला होता, गडी मिळत नव्हते. एके सकाळी सासूबाईंनी गोळ्यांची बाटली जानकीकडून मागून घेतली, आपल्या ट्रंकेत ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली.

"औषध काय पळान जाता?" त्या म्हणाल्या. "लावणी जातली."

हे त्या दुष्टपणाने बोलल्या असं कोणी समजू नये. जानकीच्या डोक्यावरून हात फिरवून, प्रेमाने म्हणाल्या. जानकीलाही वाईट वाटलं नाही. चुलीपाशी ती मला म्हणाली, "बरा झाला. गोळ्यो खाल्ल्यार मी तुमच्यासारखी जातलंय, वैनी."

मी गप्प बसले. डॉक्टरांचा शब्दन् शब्द मला पाठ होता, काळीज थांबेल हेही पाठ होतं, आणि मी आठ दिवस गप्प बसले. त्या बोलण्याचा राग आला म्हणून एक दिवस. उरलेले सात दिवस, जानकी पुन्हा धावू लागली आणि माझ्या पाठीला आराम पडला म्हणून. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. बाटली ट्रंकेत घालणाऱ्या बाईला कारण तरी शेतीचं होतं. माझ्याकडे तेवढंही नव्हतं.

नवव्या दिवशी मी विहिरीवर गेले तर जानकी काठावर कळशी टेकवून वाकून उभी होती. एका हाताने रहाटाचा खांब धरलेला. चोळीखाली तिचं काळीज उडताना बाहेरून दिसत होतं, जाळ्यातला मासा उडतो तसं. ओठांना रंग नव्हता. माझी चाहूल लागली तशी ती हसली, कायेक नाय म्हणाली, आणि कळशी उचलायला गेली. मी तिच्या हातातून ती हिसकावून घेतली. 

बाजाराच्या दिवशी मीठ-मिरचीच्या निमित्ताने मी बाबलीच्या होडीत बसले. पलीकडच्या काठाला लागेपर्यंत त्याला सगळं सांगून टाकलं. तो वल्हं मारत राहिला. मग त्या महिन्यातलं एक वाक्य त्याने तिथे खर्च केलं. "आयेक सांगू नको," म्हणाला. डॉक्टर माझ्यावर जे रागावले ते सगळं घरासाठी होतं, पण त्यांच्यासमोर मी एकटीच उभी होते, म्हणून मीच ऐकून घेतलं. त्यांनी दुसरी बाटली दिली. ती मी सोलांच्या मडक्यात तळाशी ठेवली.

जानकी गोळी घ्यायला तयार होईना. सासूबाईंना फसवायचं म्हणून नव्हे. गोठ्यात शेणाची पाटी भरता भरता तिने मला खरं सांगितलं. माहेरी पाच बहिणींत ती चौथी, कोणी कधी नावाने हाक मारली नव्हती. आता वाटेवर बायका थांबून तिच्याकडे बघतात. गोळ्या खाऊन ते सगळं जाणार, आणि राहणार काय, तर भिंतीला टेकून निजणारी बाई. मग जगून तरी काय करायचं, असं ती सहज म्हणाली, शेण उचलता उचलता. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

"तू मेलंस तर तुज्या वाट्याची लावणी माकाच करूची पडतली," मी म्हटलं. "ती मी आताच करतंय. तू गोळी खा."

 मग तिने हात धुतले आणि गोळी घेतली.

तर असं ठरलं. घरातलं काम मूठभरही कमी होता कामा नये, म्हणजे सासूबाईंना संशय यायला जागा राहणार नाही. मी उजाडायच्या आधी उठू लागले. कांडण माझं, पाणी माझं, गोठा माझा. जानकीने बसून होण्यासारखं, पण डोळ्यांत भरणारं काम करायचं: चूल, भाकऱ्या, काजू. लावणीला जुड्या पुरवायला चटपटीत हात हवा, असं सासूबाईंना पटवून तिला बांधावरच्या माणसांत घातली, तरव्याच्या जुड्या पुढे सरकवायला. तिच्या वाट्याची पात आणि माझी पात अशा दोन पाती मी लावत गेले. डोक्यावर इरलं, गुडघाभर चिखल, कंबरेचा काटा मोडलेला. संध्याकाळी वर आले की हाताची बोटं मिटायची नाहीत. मी मनात जानकीला शिव्या घालायचे, सासूबाईंना घालायचे, आणि सगळ्यात जास्त त्या दोन तोळ्यांच्या फुलपाखराला घालायचे.

सासूबाई बांधावरून बघत होत्या. चौथ्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की मी घाबरले. थोरली धावायला लागली होती. मासा लागू पडला होता.

पावसाळ्यात दर्यावरचा ताजा मासा बंद. घरात जपून ठेवलेले खारे बांगडे तेवढे होते, आणि कोकणात त्या दिवसांत खारा बांगडा म्हणजे काय, ते ज्याने नुसत्या कुळथाच्या पिठीवर आषाढ काढला त्याला विचारावं. ते सगळे सासूबाईंनी मला घातले. सकाळी पेजेबरोबर एक, रात्री एक. मी पाणी पिऊन पिऊन बेजार. शेजारच्या सावित्रीला त्यांनी मोठ्या मनाने हे गुपित सांगितलं, तिने आपल्या नणंदेला, आणि श्रावण यायच्या आत वाडीतल्या सहा-सात सुनांना आयुष्यात पहिल्यांदा पोटभर मासे मिळू लागले. त्या सुना शहाण्या होत्या. थोडं जास्त काम करून दाखवू लागल्या. कोणीच कोणाला काही विचारलं नाही. वैद्यकशास्त्राचा एवढा मोठा विजय आमच्या वाडीत त्याआधी झाला नव्हता.

मधे एकदा घात होता होता राहिला. सासूबाईंनी सावित्रीसमोर माझी पाठ थोपटली, आता थोरलीचं बघून धाकटीने शिकावं म्हणाल्या. जानकीने ते ऐकलं. दोन दिवसांनी तिची पहाटे धावाधाव सुरू झाली. मी सोलांच्या मडक्यात हात घालून गोळ्या मोजल्या तर दोन दिवसांच्या तशाच. तिला समजावण्यात अर्थ नव्हता, कौतुकाची भूक सांगून भागत नाही. मी सकाळची पेज मुद्दाम करपवली, आणि दुपारी दह्याचं मडकं पाडलं. सासूबाईंनी अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा माझा उद्धार केला आणि शेवटी म्हणाल्या, शेवटी जानकी ती जानकीच. संध्याकाळी जानकीने गुपचूप गोळी घेतली. त्यानंतर दर आठ-दहा दिवसांनी मी काहीतरी सांडत किंवा करपवत गेले.

दिवाळी झाली, भात घरात आलं, आणि गुरुदासचं पत्र आलं की दोघींना घेऊन आईने मालवणला जाऊन यावं. सासूबाई नवं लुगडं नेसून निघाल्या. होडीत त्या खुशीत होत्या. एक सून औषधाशिवाय बरी झाली होती आणि दुसरी माशाने, आणि दोन्ही यश त्यांचं होतं.

डॉक्टरांनी जानकीची नाडी मोजली, ब्याऐंशी. वजन सात शेर वाढलेलं. डोळे अजून थोडे मोठे होते, पण पापण्या आता त्यांच्यावर मिटत होत्या. डॉक्टर खूश झाले. गोळ्यांनी उत्तम काम केलं, असंच आणखी वर्षभर चालू ठेवा, म्हणाले. सासूबाई हसल्या. त्यांनी कमरेची पिशवी सोडली, आतून बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. कसल्या गोळ्या, ज्येष्ठापासून त्या माझ्या ट्रंकेत आहेत, असं त्यांनी घरी जुळवून ठेवलेल्या शुद्ध मराठीत सांगितलं.

डॉक्टरांनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी जमिनीकडे. जानकी म्हणाली, "गोळ्यो मी घेतलंय, आये. दुसऱ्यो."

सासूबाईंना हे समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावरही त्या चिडल्या नाहीत, कारण त्यांचा दुसरा विजय अजून शाबूत होता. त्यांनी मला पुढे ढकललं आणि डॉक्टरांना विनंती केली की हिचाही गळा बघा. हिची ग्रंथी माशाने नुकती धावायला लागली आहे, फक्त हिला त्या गोळ्या देऊ नका, आहे तशी असू दे. डॉक्टरांनी माझा गळा चाचपला, नाडी मोजली, डोळे पाहिले. हिला काहीही झालेलं नाही, म्हणाले. निरोगी माणसाची ग्रंथी लागेल तेवढंच आयोडीन घेते, मासे जास्त खाल्ले म्हणून ती जास्त धावत नाही.

सासूबाई एकदम शुद्ध मराठी विसरल्या. "मगे ही इतक्या काम कित्याक करी?"

 प्रश्न मला होता.

"ती जगाक व्हयी म्हणान," मी म्हटलं.

 जानकी रडायला लागली, आवाज न करता. सासूबाई आधी तिच्याकडे, मग माझ्या हातांकडे बघत राहिल्या. लावणीने फुटलेली बोटं अजून नीट भरून आली नव्हती. ती त्यांनी आजपर्यंत पाहिली नव्हती असं नाही. मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं की हा आजार जुना आहे का. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी होता का. डॉक्टर म्हणाले, आजार होताच, गोळ्या नव्हत्या. सासूबाईंनी टेबलावरची बाटली उचलून पिशवीत घातली.

परतीच्या होडीत त्या टोकाला पाठ करून बसल्या. खाडी शांत होती, बाबली वल्हवत होता. अर्धी वाट गेल्यावर त्या बोलू लागल्या. आम्हा दोघींशी, पण आमच्याकडे न बघता. त्यांना एक धाकटी जाऊ होती, सुभद्रा. अशीच काटकुळी, अशीच मोठ्या डोळ्यांची, दिवसभर पळणारी. घरात तिचं फार कौतुक. तेविसाव्या वर्षी लावणीत, पातीच्या मधेच, चिखलात खाली बसली ती उठली नाही. ही बाई आमच्या घरात कधी होती, हे मी बारा वर्षांत ऐकलं नव्हतं.

"दोन वर्सां तिना माज्या वाट्याची लावणी केल्यान," सासूबाई म्हणाल्या. "आणि मी बांदार बसान तिका शाबास म्हटलंय."